वाचकांचे प्रश्न : दोन फायली अगदी सारख्या आहेत का, हे एडिटरच्या स्क्रिप्टमधून कसं ओळखायचं?

प्रश्न : सर, मी विम हा टेक्स्ट एडिटर वापरतो आणि माझ्या सेटिंगच्या फायली दोन फोल्डरमध्ये ठेवतो. विमस्क्रिप्टमध्ये (विमची स्वतःची स्क्रिप्ट भाषा) एक छोटं फंक्शन लिहिलंय, दोन्ही फायली रीडफाईलनं वाचायच्या, == लावून बघायचं, सारख्या नसतील तर एक दुसरीवर कॉपी करायची. बहुतेक वेळा नीट चालतं, पण कधीकधी फरक असूनही सारख्या आहेत म्हणतं. एकदा तर फोल्डरचं नाव बदललं होतं, म्हणजे दोन्ही फायली त्या पाथवर नव्हत्याच, तरी उत्तर आलं सारख्या! रीडफाईलमध्ये बग आहे का?

उत्तर : बग नाही हो. रीडफाईल त्याचं काम चोख करतंय, पण तुम्हाला जे विचारायचंय ते तुमचं फंक्शन विचारतच नाहीये. त्यात तीन वेगवेगळी भोकं आहेत आणि तिन्ही अशी आहेत की रोजच्या वापरात महिनोन्‌महिने दिसत नाहीत, म्हणून जरा सावकाश जाऊ.

पहिलं भोक बघायला एक प्रयोग करा. नवीन फाईल घ्या, त्यात फक्त क हे एक अक्षर लिहा, शेवटी एंटर नको, यूटीएफ-8 मध्ये सेव्ह करा. ही फाईल 3 बाईटची होते : 224, 164, 149. आता शेवटी एंटर देऊन लिनक्स पद्धतीनं सेव्ह केली की मागे एक 10 लागतो, झाले 4 बाईट. विंडोज पद्धतीनं केली की 13 आणि 10 दोन्ही लागतात, 5 बाईट. आणि एखाद्या एडिटरनं सुरुवातीला बॉम (एन्कोडिंगची खूण) चिकटवला, म्हणजे 239, 187, 191 हे तीन बाईट, तर झाले 8. चार फायली, चार वेगळ्या साइझ, आणि तुमचं फंक्शन या चारही फायली सारख्याच म्हणणार. कारण रीडफाईलला नुसतं फाईलचं नाव दिलं की ते फाईल टेक्स्ट म्हणून वाचतं, ओळीच्या शेवटचा 13 काढून टाकतं, शेवटच्या ओळीनंतर एंटर आहे की नाही याकडे बघत नाही, आणि विमचं एन्कोडिंग युनिकोड असेल तर बॉम पण काढून टाकतं. हे सगळं हेल्पमध्ये लिहिलेलं आहे आणि ओळी वाचायच्या असतील तेव्हा अगदी सोयीचं आहे, पण फाईल हुबेहूब तीच आहे का हे बघायचं असेल तेव्हा नेमका फरकच पुसला जातो. उपाय सोपा, रीडफाईलला दुसरं आर्ग्युमेंट म्हणून छोटा बी द्यायचा, मग 13 पण राहतो, बॉम पण राहतो, आणि शेवटी एंटर असेल तर लिस्टच्या शेवटी एक रिकामी स्ट्रिंग येते त्यामुळे तोही फरक कळतो. नवीन विममध्ये रीडब्लॉब पण आहे, ते सरळ बाईटच हातात देतं आणि मला स्वतःला या कामाला तेच आवडतं.

दुसरं भोक == मध्ये आहे. तुमच्या सेटिंगमध्ये इग्नोअरकेस चालू असणार, सर्च करायला बरं पडतं म्हणून खूप जण ते चालू ठेवतात. जुन्या विमस्क्रिप्टमध्ये == हे त्या सेटिंगकडे बघून वागतं, आणि दोन लिस्टची तुलना करताना आतल्या स्ट्रिंगनाही तोच नियम लागतो. म्हणजे इंग्रजी ए कॅपिटल असो की स्मॉल, त्याच्या लेखी एकच. म्हणून तुलना नेहमी ==# नं करायची, शेवटचा हॅश म्हणजे केस बघ, सेटिंग काहीही असू दे. विम9 स्क्रिप्टमध्ये हा प्रश्न नाही, तिथे == कायम केस बघतं. ब्लॉबची, म्हणजे रीडब्लॉबनं दिलेल्या बाईटची, तुलना थेट बाईटची असते त्यामुळे तिथेही ही भानगड नाही.

तिसरं भोक सगळ्यात वाईट, कारण त्यानं डेटा जाऊ शकतो. फाईल उघडली नाही तर रीडफाईल एरर दाखवतं आणि रिकामी लिस्ट परत देतं. फंक्शनच्या डोक्यावर अबॉर्ट लिहिलं नसेल तर विम एरर दाखवून पुढच्या ओळीवर जातं, आणि वर सायलेंट उद्गारचिन्हासह लावलेलं असेल तर एररही दिसत नाही. मग दोन्ही फायली नसल्या की एक रिकामी लिस्ट आणि दुसरी रिकामी लिस्ट, झाल्या सारख्या! आणि एकच फाईल सापडली नाही की उत्तर येतं "वेगळ्या आहेत", ज्यावर तुमची स्क्रिप्ट कॉपी करायला धावते. उद्या त्या कॉपीच्या जागी डिलीट असेल तर विचार करा.

माझं म्हणणं एवढंच आहे की या प्रश्नाला दोन नाही, तीन उत्तरं असतात : सारख्या आहेत, वेगळ्या आहेत, आणि बघताच आलं नाही. तिसरं उत्तर पहिल्या दोनपैकी कशातही ढकलायचं नाही. खाली दुसऱ्या एडिटरचे प्रश्न आहेत त्यातही हेच पुन्हा पुन्हा दिसेल.

तर फंक्शन असं लिहा. डोक्यावर अबॉर्ट. आधी फाईलरीडेबलनं दोन्ही फायली वाचता येतात का बघा (फोल्डर दिलं तर ते नाही म्हणतं, तेही बरंच आहे), येत नसतील तर थ्रो करून, म्हणजे मुद्दाम एरर उठवून, थांबा. मग गेटएफसाइझनं दोघींची साइझ घ्या, वेगळी असेल तर तिथेच वेगळ्या म्हणून परत या, वाचायची गरजच नाही. साइझ सारखी निघाली तरच रीडब्लॉब आणि तुलना. थ्रो का म्हणतोय, तर बरेच जण अशा वेळी -1 परत देतात, आणि विमच्या इफमध्ये शून्य सोडून कुठलाही आकडा खरा धरला जातो, म्हणजे -1 पण खरं! बघताच आलं नाही याचा अर्थ पुन्हा सारख्या असा होऊन बसतो आणि आपण जिथून निघालो तिथेच येतो.

आणि साइझ सारखी म्हणजे फाईल सारखी असं मात्र कधीच धरू नका. वरचीच क ची फाईल यूटीएफ-16 मध्ये बॉम आणि विंडोजच्या एंटरसह सेव्ह केली तर 2 बाईट बॉमचे, 2 क चे, 4 एंटरचे, एकूण 8. यूटीएफ-8 बॉमवाली पण 8 च होती. साइझ एक, स्क्रीनवर दिसणारं अक्षर एक, आणि आतले बाईट बघाल तर पहिल्यापासूनच वेगळे.

प्रश्न : एवढं करण्यापेक्षा विममधून सिस्टिम हे फंक्शन वापरून सीएमपी (दोन फायली जुळवणारी कमांड) चालवली तर?

उत्तर : चालवा की, लिनक्स किंवा मॅकवर असाल तर उत्तम पर्याय आहे आणि मोठ्या फाईलला तर तोच घ्या, कारण रीडफाईल आणि रीडब्लॉब पूर्ण फाईल मेमरीत घेतात. सीएमपी 1971 च्या पहिल्या युनिक्सपासून आहे, डिफपेक्षाही जुनी, आणि तिचं काम एकच, बाईटला बाईट लावून बघणं. मायनस एस दिलं की ती काही छापत नाही, फक्त एक्झिट कोड देते : 0 म्हणजे सारख्या, 1 म्हणजे वेगळ्या, 1 च्या वर म्हणजे गडबड. बघा, तीन उत्तरं इथे पहिल्यापासूनच वेगळी ठेवलेली आहेत. विममध्ये हा कोड शेल-एरर नावाच्या व्हेरिएबलमध्ये मिळतो. तिथे "शून्य नाही म्हणजे वेगळ्या" असं लिहू नका, 0 साठी एक फांदी, 1 साठी एक, आणि बाकी सगळ्यासाठी तिसरी ठेवा, कारण फाईल नसली तर 2 येतो आणि कमांडच मशीनवर नसली तर शेल 127 देतो.

फाईलचं नाव शेलएस्केपमधून काढून मगच कमांडला जोडा, नाहीतर नावात स्पेस आली की एका नावाची दोन होतात. निओविममध्ये (विमवरूनच निघालेला एडिटर) सिस्टिमला स्ट्रिंगऐवजी लिस्ट देता येते, मग मध्ये शेल येतच नाही, ते जास्त चांगलं. नाव डॅशनं सुरू होत असेल तर सीएमपीला तो ऑप्शन वाटतो, म्हणून नावांच्या आधी दोन डॅश टाकायची सवय लावा.

विंडोजवर एफसी आहे, तिला स्लॅश बी द्यायलाच हवा, नाहीतर ती फाईल टेक्स्ट म्हणून बघते. आणि विममध्ये शेल म्हणून विंडोज पॉवरशेल लावला असेल तर तिथे एफसी हे भलत्याच कमांडचं टोपणनाव आहे, फॉरमॅट-कस्टमचं, त्यामुळे पूर्ण एफसी डॉट ईएक्सई लिहा.

प्रश्न : दोन्ही फायलींचा एमडी5 काढून तो जुळवला तर सगळ्यात सेफ ना? आमच्या ऑफिसमधले सीनियर तेच करतात.

उत्तर : दोन्ही फायली तुमच्याच डिस्कवर शेजारी शेजारी असतील तर हॅशचा, म्हणजे पूर्ण फाईलवरून काढलेल्या छोट्या ठशाचा (एमडी5 हा त्यातलाच एक प्रकार), काही फायदा नाही, उलट काम वाढतं. सरळ तुलना पहिला वेगळा बाईट सापडला की थांबते, हॅशला मात्र दोन्ही फायली शेवटपर्यंत वाचाव्याच लागतात आणि वर हिशोबही करावा लागतो. हॅश कधी हवा, तर दुसरी फाईल समोर नसते तेव्हा, म्हणजे दुसऱ्या मशीनवर आहे, किंवा काल ती कशी होती एवढंच आठवण म्हणून ठेवायचंय, किंवा शेकडो फायलींमधून डुप्लिकेट शोधायच्यात आणि प्रत्येक जोडी लावून बघणं परवडणार नाही.

आणि हॅश वापरायचाच तर एमडी5 नको. 2004 मध्येच एकच एमडी5 येणारे दोन वेगळे इनपुट बनवून दाखवले गेले. एसएचए-1 चं तसंच झालं, 2017 मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआयच्या लोकांनी एकच एसएचए-1 असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ फायली जगासमोर ठेवल्या. अपघातानं असं होणं जवळजवळ अशक्य आहे हे खरं, पण फाईल बाहेरून आलेली असेल तर कुणी मुद्दाम केलं असेल ही शक्यता सोडता येत नाही. विममध्ये एसएचए256 नावाचं फंक्शन आयतंच आहे, 64 हेक्स अक्षरांचा हॅश मिळतो. फक्त त्याला रीडफाईलच्या ओळी जोडून स्ट्रिंग म्हणून देताना पहिल्या उत्तरातलं ते बी विसरू नका, नाहीतर चुकीच्या मजकुराचा अगदी बरोबर हॅश मिळेल.

प्रश्न : मी इमॅक्स एडिटरवाली. फाईल-इक्वल-पी हे फंक्शन सापडलं, नावावरून वाटलं हेच हवं होतं, पण नुकतीच कॉपी केलेली फाईल दिली तरी निल (म्हणजे नाही) देतं. का?

उत्तर : कारण ते आतला मजकूर बघत नाही. दोन नावं एकाच फाईलकडे जातात का, एवढंच ते बघतं, म्हणजे एक नाव दुसऱ्याची सिमलिंक (दुसऱ्या फाईलकडे नुसतं बोट दाखवणारं नाव) असेल तर ते हो म्हणेल. कॉपी ही वेगळी फाईल, म्हणून निल.

मजकुरासाठी दोन टेम्प-बफर घ्या, प्रत्येकात इन्सर्ट-फाईल-कंटेंट्स-लिटरलीनं फाईल आणा आणि दोन्ही बफर-स्ट्रिंग स्ट्रिंग-इक्वलनं जुळवा. लिटरली हा शब्द गाळू नका, तो गाळला की इमॅक्स एन्कोडिंग उलगडतं, ओळीचे शेवट एकसारखे करतं, आणि जीझिप फाईल तर उघडून आतला मजकूर आणून देतं.

खूप ठिकाणी कम्पेअर-बफर-सबस्ट्रिंग्ज वापरायला सांगतात. वापरा, पण दोन गोष्टी सांभाळून. एक, ते केस-फोल्ड-सर्च मानतं आणि ते इमॅक्समध्ये आधीपासूनच चालू असतं, म्हणजे कॅपिटल-स्मॉल एकच धरलं जातं, तेव्हा आधी लेटमध्ये ते निल करा. दोन, सारखं असेल तर ते 0 देतं, आणि इमॅक्स लिस्पमध्ये निल सोडून सगळं खरं, 0 सुद्धा! म्हणजे नुसत्या व्हेनच्या अटीमध्ये टाकलं तर वेगळ्या फायलींनाही आत प्रवेश मिळतो. कॉल-प्रोसेसनं सीएमपी चालवलीत तरी अगदी हेच, परत आलेला आकडा 0 आहे का हे स्पष्ट विचारा.

प्रश्न : सब्लाइम टेक्स्टसाठी प्लगिन लिहितोय. पायथॉनचं फाईलसीएमपी मॉड्यूल वापरलंय. आमच्याकडे एक टूल दोन कॉन्फिग फायली तयार करतं आणि दोघींना तीच तारीख-वेळ लावतं. एका फाईलमध्ये 5 च्या जागी 6 आहे हे मला डोळ्यांना दिसतंय, तरी प्लगिन सारख्या म्हणतं.

उत्तर : तुम्ही लिहिलेली तारीख-वेळच इथे नडली. त्या मॉड्यूलच्या सीएमपी फंक्शनला शॅलो नावाचं आर्ग्युमेंट आहे आणि ते आधीपासून ट्रू असतं. ट्रू असताना ते आधी फाईलचा प्रकार, साइझ आणि बदलल्याची वेळ बघतं, तिन्ही जुळलं की फाईल न उघडताच सारख्या म्हणून मोकळं होतं. 5 चा 6 झाला तर साइझ तीच राहते, वेळ टूलनं तीच लावली, मग त्याला फरक दिसणार कुठून. वेळ जुळायला असं टूलच लागतं असंही नाही, झिप उलगडली की फायलींना आतली जुनी वेळ मिळते, आणि फॅट फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर बदलल्याची वेळ 2 सेकंदांच्या टप्प्यानंच नोंदली जाते.

शॅलो फॉल्स करा, मग ते खरंच बाईट वाचतं. पण एडिटरच्या प्लगिनसाठी एवढंही मला पुरेसं वाटत नाही, कारण हे मॉड्यूल आधीची उत्तरं कॅशमध्ये ठेवतं, आणि साइझ-वेळ बदललेली दिसली नाही तर शॅलो फॉल्स असूनही जुनं उत्तर काढून देतं. कमांड लाइनवर एकदा चालून संपणाऱ्या स्क्रिप्टला याचा त्रास होत नाही, पण एडिटर दिवसभर उघडा असतो आणि त्याच्याबरोबर प्लगिनचा पायथॉनही. क्लिअर-कॅश आहे, पण ते पायथॉन 3.4 मध्ये आलं आणि सब्लाइमच्या जुन्या प्लगिनना 3.3 मिळतं. त्यापेक्षा स्वतःच लूप लिहा, दोन्ही फायली आरबी मोडमध्ये उघडा, दोघींतून 64 केबीचे तुकडे वाचत जा, तुकडा वेगळा निघाला की फॉल्स, दोन्हीकडून एकदम रिकामा तुकडा आला की ट्रू. फाईल उघडली नाही तर पायथॉन स्वतःच एक्सेप्शन देतो, ते पकडून फॉल्स करू नका, वरपर्यंत जाऊ द्या आणि वापरणाऱ्याला स्टेटस बारवर दाखवा.

प्रश्न : फाईल एडिटरमध्ये उघडली, काहीही न बदलता सेव्ह केली, आता सीएमपी वेगळी म्हणते. विमडिफमध्ये (विमची फरक दाखवणारी सोय) टाकली तर एकही रंगीत ओळ नाही. कोणावर विश्वास ठेवायचा?

उत्तर : बाईटच्या बाबतीत सीएमपीवर. विमडिफ बफरमधल्या ओळी जुळवतं, ओळीच्या शेवटी 10 होता की 13 आणि 10 हे तिथे धरलंच जात नाही, आणि तुमच्या डिफऑप्टमध्ये स्पेस किंवा केस सोडून देणारं काही असेल तर तेही दिसत नाही.

न बदलता सेव्ह केल्यावर काय बदलतं याची यादी लांब आहे पण नेहमीचे गुन्हेगार थोडेच. विममध्ये फिक्स-एंड-ऑफ-लाइन आधीपासून चालू असतं, मूळ फाईलच्या शेवटी एंटर नसेल तर सेव्ह करताना ते लावलं जातं. प्रोजेक्टमध्ये एडिटरकॉन्फिगची फाईल असेल तर तिच्यात ओळीच्या शेवटच्या स्पेस काढायला किंवा ओळीचे शेवट बदलायला सांगितलेलं असू शकतं. नेमकं कुठे ते बघायला सीएमपी मायनस एस शिवाय चालवा, ती पहिल्या फरकाचा बाईट नंबर आणि ओळ सांगते. तो नंबर 1 पासून मोजलेला असतो आणि हेक्स डंपमधला 0 पासून, तेव्हा एक वजा करून शोधा, नाहीतर शेजारचाच बाईट बघत बसाल.

मराठी मजकुराच्या फायलींमध्ये अजून एक गोष्ट होते. दुसऱ्या हा शब्द दोन कीबोर्डवरून टाइप केला तर डोळ्यांना तोच दिसतो पण त्यातल्या ऱ्य साठी आत एकीकडे ऱ, हलन्त, य अशी तीन कॅरेक्टर असतात आणि दुसरीकडे साधा र, हलन्त, न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर आणि य अशी चार. प्रत्येकी 3 बाईट धरले तर एकीकडे 9 आणि एकीकडे 12. सीएमपी याला वेगळं म्हणेल आणि तिचं बरोबरच आहे, कारण सर्च करताना एक टाइप केलं तर दुसरं सापडेलच असं नाही. युनिकोड नॉर्मलाइज करून हे दोन एक होत नाहीत, एक रूप ठरवून फाइंड-रिप्लेसच करावं लागतं.

प्रश्न : डिस्कवरची फाईल नाही, समोर उघडलेला, अजून सेव्ह न केलेला मजकूर डिस्कशी जुळवायचा असेल तर?

उत्तर : विमचा मॉडिफाइड किंवा सब्लाइमचा इज-डर्टी बघून भागतं असं वाटतं, पण तो फक्त तुम्ही काही बदललंय का ते सांगतो. तेवढ्यात दुसऱ्या प्रोग्रामनं डिस्कवरची फाईल बदलली असेल तर त्या फ्लॅगला पत्ताच नसतो. खात्रीचा मार्ग म्हणजे बफर एका टेम्पररी फाईलमध्ये त्याच एन्कोडिंगनं आणि त्याच ओळीच्या शेवटांनी लिहायचा आणि मग वरच्यापैकी कुठल्याही पद्धतीनं दोन फायली जुळवायच्या. विममध्ये टेम्पनेमनं नाव मिळतं आणि राइट कमांडला ते नाव दिलं की बफरचं स्वतःचं नाव बदलत नाही. अडचण एवढीच की फिक्स-एंड-ऑफ-लाइन इथेही शेवटी एंटर लावेल, म्हणून लिहायच्या आधी त्या बफरपुरतं ते बंद करा, लिहून झालं की परत चालू करा, आणि काम संपलं की टेम्पररी फाईल डिलीट करा.